पॉज आणि गॅप: गोष्ट सांगताना नेमकं कुठं थांबायचं?

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीनं तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, मोबाइलसमोर बसवलं आणि 2019 च्या महापुराची गोष्ट सांगायला लावली. रेकॉर्डिंग 32 मिनिटांचं झालं. रात्री तिनं ते एका एडिटिंग ॲपमध्ये टाकलं, बोलण्यातल्या शांत जागा आपोआप काढून टाकणारं बटण दाबलं आणि 24 मिनिटांची फाइल मला पाठवली. सोबत निरोप होता: "मामा, ऐक की. एक शब्दपण कापलेला नाही, तरी आजी बातम्या वाचतीय असं वाटतंय. कुठं चुकलं?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. हातात मोबाइल असलेला प्रत्येकजण आज काही ना काही सांगतोय; रील करतोय, पॉडकास्ट करतोय. आणि इकडं सांगलीत नोव्हेंबर उजाडला की नाटकाचा हंगाम सुरू होतो. 5 तारखेला मराठी रंगभूमी दिन, मग स्पर्धेची नाटकं, एकांकिका. प्रयोग सुटल्यावर चहाच्या गाड्यावर हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे, "विषय चांगला होता, पण टेंपो पडला." टेंपो पडला म्हणजे नेमकं काय झालं, असं विचारलं तर सांगणाराही गडबडतो. मी वीसेक वर्षं हौशी नाटकं बसवतोय. भाचीच्या ॲपनं जी 8 मिनिटं फेकून दिली, त्यांत काय होतं, ते इथं उलगडून सांगतो.

आधी दोन शब्द

पहिला शब्द विराम. नाटकवाले त्याला पॉज म्हणतात. बोलणारा थांबतो, पण गोष्ट थांबत नाही, अशी जागा म्हणजे पॉज.

दुसरा शब्द गती, म्हणजे आपला टेंपो. लोकांना वाटतं भरभर बोलणं म्हणजे गती. खरं तर गोष्टीत जेवढा वेळ गेला आणि तो सांगायला जेवढा वेळ लागला, यांचं प्रमाण म्हणजे गती. "शाळा संपली, नोकरी लागली, लग्न झालं, दोन पोरं झाली" या एका वाक्यात पंधरा वर्षं गेली. उलट मध्यरात्री फोन वाजतो आणि माणूस अंथरुणातून उठून फोनपर्यंत जातो, एवढ्या सात पावलांना दोन पानं देता येतात. दोन्ही ठिकाणी सांगणाऱ्यानं निवड केलेली असते: हे उडवायचं, हे धरून ठेवायचं. टेंपो पडतो तो हळू बोलल्यामुळं नाही. जे उडवायला हवं होतं ते धरून ठेवल्यामुळं पडतो.

गप्प राहिलेलं माणूस कानाला का टोचतं

गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ लागतो? जगातल्या दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात ही फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढी निघाली. जपानी माणसं सगळ्यांत चटकन उत्तर देणारी, डेन्मार्कची सगळ्यांत सावकाश, तरी सगळा फरक अर्ध्या सेकंदाच्या आतला. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तर जुळवायला लागलेलो असतो.

म्हणून तर "येताय ना लग्नाला?" असं विचारल्यावर पलीकडून सेकंदभर काहीच आलं नाही, की आपण समजतो: हे येत नाहीत. शब्द एकही आलेला नसतो, पण निरोप पोचलेला असतो. गोष्ट सांगणारा याच सवयीवर काम करतो. तो थांबला की ऐकणाऱ्याचं डोकं ती जागा भरायला धावतं. आणि डोक्यानं स्वतः भरलेली गोष्ट दुसऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त लागते, कारण ती आपल्या घरातल्या भीतीतून आलेली असते.

सांगलीकराला ताण शिकवावा लागत नाही

पावसाळ्यात आमच्या गावभागात सगळ्यांचं लक्ष एका आकड्यावर असतं: आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत मी जिन्यात बसून ताण कसा तयार होतो हे पाहिलं, आणि नंतर नाटक बसवताना ते प्रत्येक वेळी उपयोगी पडलं.

आधी बातमी येते: कोयनेतून विसर्ग वाढवला. पाणी अजून गावात नाही, पण ते निघालंय हे आपल्याला कळलंय. ते इथवर यायला वेळ लागणार हेही माहीत आहे. ताणाचा पाया इथं पडतो. पुढं काय येऊ शकतं हे ठाऊक असणं आणि ते अजून आलेलं नसणं. काहीच ठाऊक नसताना पाणी एकदम दारात आलं असतं तर तो धक्का झाला असता. धक्का क्षणभर टिकतो, ताण रात्रभर जागा ठेवतो.

मग आकडे सुरू होतात. 38, साडेअडतीस, 39. शेजारच्या पोरानं आमच्या जिन्याच्या पायरीवर खडूनं रेघ मारून ठेवली होती. अर्ध्या तासानं बॅटरी मारून बघायचं, रेघ दिसते का. दिसली नाही की वरच्या पायरीवर नवी रेघ. कुणी जास्त बोलत नव्हतं. आणि मला आठवतं, सगळ्यांत अवघड वेळ पाणी चढत होतं तेव्हाची नव्हती. पहाटे कुणीतरी म्हणालं, "पाणी थांबलंय." त्या तासाभरात कुणालाच झोप लागली नाही. थांबलंय म्हणजे उतरणार, की मागून आणखी येतंय? आकडा एकच, पण प्रत्येकजण त्याचा वेगळा अर्थ लावत बसलेला.

गोष्टीतला पॉज म्हणजे हा "पाणी थांबलंय"चा तास. धोक्याची रेघ आधी मारलेली असेल तरच त्याला अर्थ. रेघच नसेल तर थांबलेलं पाणी नुसतं पाणी असतं.

पॉज आणि गॅप यांत फरक काय

नाटकात आणखी एक शब्द आहे, गॅप. पॉज घेतला जातो, गॅप पडते. नट वाक्य विसरतो किंवा एंट्री चुकते, आणि रंगमंचावर शांतता होते. सेकंद दोन्हीकडं तेवढेच, पण प्रेक्षकाला फरक लगेच कळतो. पॉजमध्ये पात्र विचार करत असतं, गॅपमध्ये नट.

हे एका प्रसंगातून दाखवतो. मुलांबरोबर एक एकांकिका बसवत होतो. तासगावकडचं द्राक्षबागायतदार घर. व्यापाऱ्यानं चार टन माल उचललाय, "आठवड्यात पैसे देतो" म्हणालाय, आणि त्याचा फोन बंद लागतोय. थोरल्या मुलीचा साखरपुडा ठरलेला. वडील व्यापाऱ्याच्या घरी जाऊन परत येतात. मुलांनी लिहिलेला पहिला खर्डा असा होता:

"आबा, दिलं का पैसं?"

"न्हाई गं पोरी. पळून गेला त्यो. आता कुठनं करायचं तुझं लगीन?"

सगळं सांगून झालं. प्रेक्षकाला करायला काही उरलं नाही. आम्ही बसून ते असं केलं: आबा येतात. चपला काढतात, एरवी कोपऱ्यात नीट ठेवणारा माणूस आज त्या तशाच उंबऱ्यात सोडतो. तांब्यातलं पाणी पितात. मुलगी विचारते, "आबा, दिलं का पैसं?" आबा तांब्या खाली ठेवतात. थांबतात. मग म्हणतात, "डेअरीला दूध घातलंस का?"

"घातलं."

आणि मुलगी मांडीवरची साखरपुड्याची यादी उचलून चार घड्या घालते. व्यापारी पळाला हे वाक्य आता नाटकात कुठंच नाही, आणि ते न कळलेला एक माणूस सभागृहात नसतो.

पण पहिल्या आठ-दहा तालमींत हा पॉज मेलेलाच येत होता. आबाचं काम करणारा मुलगा कष्टाळू, सांगितलेलं तंतोतंत करणारा. मी "पाच सेकंद थांब" म्हणालो होतो, तर तो मनात एक ते पाच मोजत होता आणि ते तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. चूक माझी होती, मी त्याला काम न देता नुसता वेळ दिला होता. मग त्याला तीन आकडे दिले: सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, छाटणीच्या बायकांची राहिलेली मजुरी. म्हटलं, "पोरीनं विचारलं की यांची बेरीज कर. बेरीज झाली की तिच्याकडं बघ, मग दुधाचं विचार." त्या दिवसापासून पॉज कधी चार सेकंदांचा आला, कधी सातचा, पण एकदाही गॅप वाटला नाही. बेरीज झाल्यावर त्याची नजर जी वर यायची, तेवढ्यानं तालमीच्या हॉलमधली चहावाटप करणारी पोरंसुद्धा जागच्या जागी उभी राहायची.

शेवट माहीत असेल तर ताण कसला?

ही शंका नेहमी येते, आणि तिचं उत्तर सांगलीतच आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी करायची. समोर बसलेल्या एकाही माणसाला धनुष्य कोण मोडणार हा प्रश्न नव्हता. तरी लोक बसले, पाहत राहिले, आणि मराठी नाटकाची सुरुवात तिथून मोजली जाते.

आजही हीच कथा कीर्तनात ऐका. उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या आख्यानाच्या भागात, बुवा सीता स्वयंवर लावतात. एकेक राजा उठतो, मिशीला पीळ देतो, धनुष्याला हात घालतो, परत फिरतो. ते भरभर होतं, लोक हसतात. रावण येतो, त्याला जरा जास्त वेळ मिळतो, धनुष्य त्याच्या छातीवर पडतं, हशा होतो. मग राम उठतो. आणि इथं बुवा सगळ्यांत सावकाश होतात. उपरणं सावरतात, पेटीवाल्याकडं बघतात, एक अभंग घेतात. राम अजून धनुष्यापाशी पोचलेला नाही. शेवट माहीत असल्यामुळं "कोण" हा प्रश्न गळून पडतो आणि "कधी" हा प्रश्न उरतो. "आता मोडणार" हे माहीत असताना ते न मोडणं, यानंच माणसं पुढं सरकून बसतात. बुवांनी आधीचे सगळे राजे रामाइतक्याच सावकाश आणले असते, तर रामाच्या वेळेला लोक चपला शोधत असते.

मिरजेकडून घेतलेला एक शब्द

सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर. तंबोरे आणि सतारी बनवणारं गाव. तिथल्या एका तबलजींनी मला जे सांगितलं त्यानं माझी बरीच वर्षांची गाठ सुटली. तबल्यात तिहाई असते: एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. तिचे दोन प्रकार. तीन तुकड्यांच्या मध्ये थांबायला जागा ठेवली तर ती दमदार तिहाई, न थांबता सलग वाजवली तर बेदम. इथं दम म्हणजे तो मधला विराम. आपण एरवी "दमदार" म्हणतो ते जोरकस या अर्थानं, आणि तबल्यात दमदार म्हणजे थांबा असलेली.

महत्त्वाचं असं की तो दम लयीतच असतो. हात थांबले तरी मात्रा चालू असतात, आणि ऐकणारा मनात त्या मोजत असतो. सम अमुक ठिकाणी येणार हे त्याला जाणवत असतं, म्हणून ती आली की मान आपोआप हलते. आधी लय पक्की बसवल्याशिवाय दम घेता येत नाही. गोष्टीतही असंच. सुरुवातीची पाच मिनिटं सरळ, एका चालीत सांगा. ऐकणाऱ्याला तुमची चाल कळू दे. मग थांबलात तर तो थांबणं ऐकेल.

पोवाड्यातली सोयही पाहा. शाहिरानं कडव्याचा शेवट सोडला की मागचे झीलकरी "जी जी रं जी" उचलतात. शाहिराला श्वास मिळतो, आणि ऐकणाऱ्याला आत्ता काय झालं ते गिळायला वेळ मिळतो. घरात हेच काम हुंकारा करायचा. आजी गोष्ट सांगताना पोरांनी "हं" म्हणायचंच, नाही म्हटलं तर आजी थांबायची. कुठं ताणायचं आणि कुठं उरकायचं हे तिला त्या "हं"च्या आवाजावरून कळायचं.

"पण आज लोकांना धीर कुठंय?"

तरुण मुलं हा मुद्दा काढतात आणि तो खरा आहे. अंगठा एका क्षणात पुढच्या रीलवर जातो. व्हॉइस मेसेजसुद्धा लोक दुप्पट वेगानं ऐकतात. मग थांबायचं कसं?

माझं म्हणणं असं, की लोक कंटाळ्याला कंटाळतात, शांततेला नाही. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकाला गोलंदाज रनअपच्या टोकाशी जाऊन उभा राहतो, फील्डर हलवतो, चेंडू पुसतो. काहीही घडत नाही, आणि त्या वेळात कुणी मोबाइल काढत नाही. कारण किती चेंडू, किती धावा, हे सगळ्यांना पाठ असतं. रीलमध्येही हेच लागू आहे, फक्त माप लहान. साठ सेकंदांच्या गोष्टीत दीड सेकंदाचा एक पॉज पुष्कळ झाला. पहिल्या काही सेकंदांत रेघ मारा, म्हणजे काय पणाला लागलंय ते सांगा, आणि थांबण्याची एकच जागा निवडा. भरकटलेलं बोलणं, "म्हणजे", "तर", "ॲक्च्युअली" ही भर जरूर कापा. ॲपला ही भर आणि पॉज यांतला फरक कळत नाही, ते काम तुमच्या कानाचं आहे.

एकटा माणूस आणि एक माइक एवढ्यावर सभागृह धरून ठेवता येतं हे याच भागानं पाहिलेलं आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन केलं, मागं ना संगीत ना पडदा. उलट आज मला काळजी वाटते ती पार्श्वसंगीताची. जरा कुणी गप्प झालं की खाली सूर सोडायचा, हे आता एकांकिकांतही आलंय. तो सूर प्रेक्षकाला सांगतो की इथं वाईट वाटून घ्या. ज्या जागेत त्यानं स्वतःचं काही घालायचं, ती आपण आधीच भरून टाकतो.

लिहिताना शांतता कुठून आणायची

कागदावर कुणी थांबलेलं ऐकू येत नाही. तीन टिंबं देऊन भागत नाही. पानावर चार ठिकाणी टिंबं आली की वाचक ती वगळायला शिकतो. लिहिताना पॉज म्हणजे एखादी छोटी, बघता येणारी कृती: उंबऱ्यातल्या चपला, यादीची घडी. वाचकाला ती वाचायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ पात्र गप्प असतं. दुसरं साधन वाक्याची लांबी. लांब, एकात एक गुंफलेली, पुढं ढकलत नेणारी वाक्यं आली आणि मग एकदम तीन शब्दांचं आलं, की वाचक अडखळतो. तिथंच त्याला हवी ती गोष्ट ठेवा.

किती सेकंद, आणि कुठं मुळीच नाही

सेकंद सांगता येत नाहीत. भरलेल्या सभागृहात खोकला हे चांगलं माप आहे. प्रेक्षक गुंतलेला असेल तर खोकला दाबून धरतो. दोन-तीन ठिकाणहून खोकला आला, खुर्च्या करकरल्या, की समजायचं पॉज लांबला. विनोदात वेगळं गणित: हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर पुन्हा शून्यातून उचलावं लागतं, म्हणून तो उतरायला लागताच पुढचं वाक्य टाकायचं.

आणि एका प्रवेशात एकापेक्षा जास्त मोठे पॉज घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. स्पर्धेत असे प्रयोग दिसतात, जिथं प्रत्येक पात्र प्रत्येक वाक्याआधी दूरवर बघतं. वेळ सांगताना पॉज, चहा मागताना पॉज. मग आईचं आजारपण कळतं तेव्हाचा पॉज कुणाच्या लक्षातही येत नाही. माहिती देणारी वाक्यं, येणंजाणं, ओळखी हे सगळं पटापट उरकावं, आणि वाचवलेला वेळ त्या एका जागेवर खर्च करावा.

ती 8 मिनिटं

भाचीला मी मूळ फाइल मागितली आणि आम्ही दोघं माडीवर बसून ती ऐकली. बहुतेक शांतता खरंच कापण्यासारखी होती. आई पाणी पितीये, चष्मा शोधतीये, खाली कुणी बेल वाजवलीये. ती कापलेली बरीच, असं आमचं दोघांचं ठरलं. मग विसाव्या मिनिटाच्या आसपास शेजारच्या म्हशीचा भाग आला. पाणी गोठ्यात शिरलेलं, शेजारी परगावी अडकलेले, आणि आई एकटी जिन्यावरून खाली उतरलेली.

"दावं सोडलं मी," आई म्हणते.

मग पंख्याचा आवाज. भाचीनं विचारलेलं "मग?" ऐकू येतं, अगदी हळू. उत्तर नाही. लांब कुठंतरी फटाका वाजतो. बांगडी टेबलाला लागल्याचा आवाज. मी मोबाइलच्या पडद्यावर बघत होतो, 11 सेकंद गेले.

"मागं बघत हुती."

ॲपनं ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटवली होती. भाचीनं काही न बोलता तो भाग पुन्हा पहिल्यापासून लावला.